टीटीएमएम, पण कोणाच्या खिशाने?

सबमिशन संपलं की हॉस्टेलमध्ये एकच चर्चा, जेवायला कुठे जायचं? मी रे रोडला राहते. आमच्या दारूखान्यात भंगार लोखंड टनाने मिळतं, 'अँबियन्स' मिळत नाही. मग कोणीतरी लोअर परळच्या मिल कंपाउंडचं नाव काढतं. तिथे दिवे मंद, मेन्यूकार्ड जाड आणि बिल सगळ्यांत समान! मॉकटेल प्यायचं एकाने, पैसे भरायचे डाळ-भात खाणाऱ्यानेसुद्धा. याला 'तुझं तू, माझं मी' कसं म्हणायचं?

माझं स्पष्ट मत आहे, आधी काँट्री ठरवा, मग हॉटेल. तीही सगळ्यांसमोर ओरडून नाही. एकेकाला बाजूला घेऊन विचारा आणि सगळ्यांत कमी आकडा येईल तो धरा. दर पार्टीला 'पोट बिघडलंय' म्हणणाऱ्या मित्राचं पोट ठणठणीत असतं, मंडळी!

सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच तसं बजावलंय. बिलात दिसला तर काढायला सांगा, लाजू नका. आणि बसण्याआधी बाहेर पडायचा दुसरा रस्ता बघून ठेवा. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलच्या आगीत १४ जीव गेले, तीही माणसं मजा करायलाच आली होती.

आकडा फारच खाली आला तर माटुंगा स्टेशनजवळ रामा नायक आहे, १९४२ पासून. केळीचं पान मागा.