तोरखमच्या पलीकडे कोण उभे आहे?

एका वाचक भगिनीने आम्हाला विचारले आहे : "पाकिस्तान आणि इराणमधून हाकललेल्या अफगाण कुटुंबांना जकात देता येते का?" फतवा देणे आमचे काम नाही, ते आलिमांनी सांगावे. आम्ही शाळेत शिकवणारी माणसे. पण सूरह तौबामध्ये जकातीचे जे आठ हकदार सांगितले आहेत, त्यांत फकीर आहे, मिस्कीन आहे आणि 'इब्नुस्सबील', म्हणजे वाटेत अडकलेला मुसाफिरही आहे. तोरखमच्या नाक्यावर पोरेबाळे घेऊन उतरणारा माणूस या तिन्हींत बसतो, असे आम्हाला वाटते. बहिणीच्या प्रश्नामागे मात्र आणखी एक प्रश्न दडलेला आहे. ही मदत पलीकडे कोण घेणार आणि कोण वाटणार?

आधी काय घडले ते थोडक्यात. 1979 च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, तेव्हापासून लाखो अफगाण शेजारच्या दोन देशांत राहत आले. त्या काळी पाकिस्तानात त्यांना मुहाजिर म्हटले जाई आणि मदीनेच्या अन्सारांचे दाखले दिले जात. चाळीस वर्षांनी यजमानांना ते ओझे वाटू लागले. 2023 च्या ऑक्टोबरात पाकिस्तान सरकारने जाहीर केले, की कागद नसलेल्या परदेशी लोकांनी 1 नोव्हेंबरपर्यंत देश सोडावा. पुढे कागद असलेल्यांचीही पाळी आली. 2025 च्या मार्चअखेरपर्यंत अफगाण सिटिझन कार्डवाल्यांनी निघावे, असा हुकूम झाला. सप्टेंबरपासून रीतसर नोंदलेले निर्वासितही त्यात आले. इराणने 6 जुलै 2025 ही मुदत ठेवली होती. त्याच सुमारास इस्रायलशी बारा दिवसांचे युद्ध झाले आणि अफगाणांकडे संशयाने पाहणे वाढले. त्या एका वर्षात दोन्ही देशांतून मिळून पंचवीस लाखांहून अधिक माणसे सीमेपार गेली.

वर्तमानपत्रे त्यांना 'परतलेले' म्हणतात. यांतली कितीतरी पेशावर, क्वेट्टा, मशहद इथे जन्मलेली. त्यांनी तो देश पहिल्यांदाच पाहिला.

2023 साली निघताना एका कुटुंबाला 50 हजार पाकिस्तानी रुपयांपेक्षा जास्त रोकड नेऊ दिली नाही. म्हणजे आपले साधारण पंधरा हजार. ज्याचे दुकान होते त्याने ते पडत्या भावाने विकले, आणि विकलेल्याचे पैसेही बरोबर नेता येईनात. पलीकडे तोरखमला, स्पिन बोल्दकला, इराणच्या बाजूला इस्लाम कलाला छावण्या आहेत. तिथे नावनोंदणी होते, बोटांचे ठसे घेतात, लहान मुलांना पोलिओचे थेंब पाजतात, जेवण देतात, थोडी रोख रक्कम आणि पुढच्या प्रवासाची सोय करतात. हे सगळे चांगलेच आहे. पण त्या रांगेत पुष्कळ बायका आणि मुली आहेत.

त्यांच्याशी बोलणार कोण? 24 डिसेंबर 2022 रोजी तालिबान सरकारने स्वयंसेवी संस्थांतल्या अफगाण महिलांना कामावर येण्यास मनाई केली. एप्रिल 2023 मध्ये ती मनाई संयुक्त राष्ट्रांच्या महिला कर्मचाऱ्यांनाही लागू केली. आरोग्य आणि प्राथमिक शिक्षणात काही सूट राहिली, म्हणून गाडा कसाबसा चालला. 2025 च्या सप्टेंबरात तर संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयांतच या महिलांना शिरू दिले नाही. तेव्हा निर्वासितांसाठीच्या यूएनएचसीआर या संस्थेला रोख मदत देणारी आपली केंद्रे बंद ठेवावी लागली. परतलेल्या बाईची मुलाखत घ्यायला आणि तिचे ठसे घ्यायला बाईच नव्हती. आणि हे केव्हा? 31 ऑगस्टला कुनारमध्ये भूकंप होऊन दोन हजारांवर माणसे दगावली, त्यानंतर अवघ्या काही दिवसांत! पाकिस्तानातून हाकललेली अनेक कुटुंबे त्याच मुलखात नुकती टेकली होती.

कोणी म्हणेल, पडद्याचा मान राखला. आम्हाला हे उलटे वाटते. 2021 च्या जुलैत चिपळूणला पूर आला तेव्हा आम्हीही मदतीच्या टेम्पोबरोबर गेलो होतो. पुरुषांनी घरोघरी विचारले, तर बायका दारामागून "काही नको, सगळे आहे" म्हणत. आमच्या सहकारी शिक्षिका आत गेल्या आणि पंधरा मिनिटांत यादी घेऊन बाहेर आल्या. एका घरी बाळंतीण होती, एकीकडे तीन दिवस अंगावर बदलायला कपडा नव्हता. पडदा पाळणाऱ्या समाजाला तर महिला कार्यकर्त्यांची गरज इतरांपेक्षा जास्त.

ज्या विधवेच्या घरी कर्ता पुरुषच नाही, तिचे काय? बाईने 72 किलोमीटरपलीकडे महरमशिवाय प्रवास करू नये, असा नियम 2021 च्या डिसेंबरापासून आहे. म्हणजे मदतीचे केंद्र दूरच्या शहरात असले, तर तिने जायचे कसे?

आता आमच्या धंद्याची गोष्ट. पाकिस्तानात वाढलेल्या अनेक अफगाण मुलांचे लिहिणे-वाचणे उर्दूत झाले आहे. घरी पश्तो बोलतात, पण वाचता येत नाही. अफगाणिस्तानातल्या शाळा पश्तो आणि दरी माध्यमाच्या. उर्दू शाळेतून मराठी माध्यमात आलेले पोर पहिले सहा महिने कसे मुके होऊन बसते, हे आम्ही दर जूनला पाहतो. त्याच्याजवळ निदान शाळा सोडल्याचा दाखला असतो. एका रात्रीत निघालेल्या घरांत दाखला कोण शोधणार? मुलगा असेल तर दोन वर्षे मागे पडून का होईना, बसेल वर्गात. मुलगी सहावी ओलांडलेली असेल, तर तिच्यासाठी वर्गच नाही. कालपर्यंत कराचीत आठवीला जाणारी मुलगी नाका ओलांडला की घरी बसते. उद्या परिचारिका, शिक्षिका, यादी करणारी कार्यकर्ती व्हायची ती हीच. 2024 च्या डिसेंबरात सुईणींचे प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांचे दरवाजेही मुलींना बंद झाले. दहा वर्षांनी तोरखमच्या छावणीत बाळंतिणीपाशी कोण बसणार, याचा हिशेब त्या हुकूमनाम्यावर सही करणाऱ्यांनी केला आहे काय?

भगिनीला आमचे उत्तर असे. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या क्यूआर कोडवर पैसे टाकू नका, मग त्याबरोबरचा फोटो कितीही रडवणारा असो. परदेशी पैसे पाठवण्याचे कायदे आहेत. आधी जाणकाराला विचारा आणि पावती घ्या. यूएनएचसीआरने 2019 पासून जकातीसाठी वेगळा निधी ठेवला आहे. कोणत्याही संस्थेला देण्याआधी एवढे जरूर विचारा : तुमच्याकडे तिथे काम करणाऱ्या महिला आहेत का, आणि सध्या त्यांना कामावर येऊ देतात का?