तारेचा वळ

महाराज सयाजीरावांनी १९०६ साली उभारलेल्या खंडेराव मार्केटच्या इमारतीत पुढे महानगरपालिकेचे कार्यालय आले. पण आम्हां बडोदेकरांना ‘मार्केट’ म्हटले की तिथला भाजीफळांचा बाजारच आठवतो. गेल्या रविवारी तिथे पेरू निवडीत असता ओळखीच्या फळवालीने विचारले, “साहेब, घरनी जामफळी छे ने?” प्रश्न साधाच; पण मी ओशाळलो.

दांडियाबाजारातील आमच्या परसातला पेरू आईने लावलेला. गेल्या वर्षी त्याला इतकी फळे लागली की शेजारीपाजारी वाटून उरलेली टोपली मी याच बाईला दिली होती. यंदा पावसाळा सरता सरता पाने पिवळी पडली, शेंडे वाळू लागले. पाहतो तो काय, कपडे वाळत घालण्यासाठी मीच पूर्वी खोडाला बांधलेली तार सालीत रुतली होती आणि तिच्या वरच्या अंगाला खोड फुगले होते.

मुळांनी शोषलेले पाणी लाकडातून वर चढते. पानांनी तयार केलेले अन्न मात्र सालीच्या आतल्या थरातून खाली उतरते. साल तुटली तरी पाणी चढतच राहते, म्हणून झाड लगेच वाळत नाही. अन्न वरच साठते, फळे लगडतात आणि मुळे उपाशी राहतात. आम्ही ज्याला भरभराट समजून हरखलो, ती उपासमार होती.

तार बांधताना आईने एका बाजूस बांबूच्या कामट्या सरकवल्या होत्या. तेवढ्याच जागी चार बोटे साल शाबूत होती. झाड तगले ते तिच्यावर.

अशी तार ओढू नये. जागोजागी तोडून निघेल तेवढी काढावी. सुटलेली, काळवंडलेली साल धारदार सुरीने निरोगी सालीपर्यंतच तासावी. मग १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात विरघळवावे. १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या मातीच्या भांड्यात अर्धा लिटर पाण्यात विरवावा. तो उकळतो, मुलांना दूर ठेवावे. निवल्यावर गाळून दोन्ही एकत्र ढवळले की बोर्डो मलम तयार होते. त्यात बुडवलेल्या लोखंडी पात्यावर तांबूस थर चढला, तर आणखी चुना घालावा. हे मलम बुरशीला अटकाव करते. जखम भरून काढते ते झाडच, काठांकडून हळूहळू.

बेचक्यात भुशाचे जाळे दिसल्यास ते साल खाणाऱ्या अळीचे समजावे. जाळे झाडून, भोकात तार खुपसून अळी मारावी व भोक ओल्या मातीने बुजवावे. झाडापाशी तारेचे काम एवढेच!

झाडावरचा भार हलका व्हावा म्हणून यंदाची कोवळी फळे मी खुडून टाकली. म्हणून तर मार्केटात पेरू घेत होतो. फळवालीला म्हटले, “छे, बेन. मांदी छे.”

आता कपड्यांची दोरी दोन खांबांना बांधली आहे. जखमेच्या काठाने नव्या सालीची बारीक कड उमटू लागली आहे. वाचकहो, आपल्या परसातही एखादी विसरलेली तार असेल. आज संध्याकाळीच खोडावरून हात फिरवून पाहा. विशेषतः ज्या झाडाला यंदा अमाप फळ आले आहे, त्याच्या.