एकीची किंमत कोणी मोजायची?

3 ऑक्टोबर 2025 रोजी सारा मुलाली यांची कँटरबरीच्या आर्चबिशपपदी निवड जाहीर झाली. इ.स. 597 मध्ये ऑगस्टीनपासून सुरू झालेल्या या परंपरेतील त्या 106 व्या आर्चबिशप आणि पहिल्याच स्त्री आर्चबिशप. त्या मूळच्या परिचारिका. 1999 मध्ये, वयाच्या अवघ्या 37 व्या वर्षी, त्या इंग्लंडच्या मुख्य परिचर्या अधिकारी झाल्या होत्या. रुग्णसेवेतून आलेली एक स्त्री चौदाशे वर्षांच्या पुरुषी गादीवर बसते, ही घटना लहान नाही. जानेवारी 2026 मध्ये त्यांनी पदाची सूत्रे घेतली.

परंतु निवड जाहीर झाल्यावर तेराच दिवसांनी, 16 ऑक्टोबरला, गॅफकॉन या पुराणमतवादी अँग्लिकन गटाने कँटरबरीशी असलेले जुने नाते नाकारले. या गटाचे अध्यक्ष, रवांडाचे आर्चबिशप लॉरेंट म्बांडा यांनी जाहीर केले की, कँटरबरीचे आर्चबिशप, लँबेथ परिषद, अँग्लिकन सल्लागार परिषद आणि प्रांतप्रमुखांची बैठक ही एकीची चारही साधने आम्हाला मान्य नाहीत. खरे अँग्लिकन आम्हीच. सुमारे साडेआठ कोटी अनुयायी सांगणाऱ्या आणि 165 देशांत पसरलेल्या या चर्चच्या एकीचे काय होणार, याची चर्चा तेव्हापासून सुरू आहे. आमच्या मते त्याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. ही एकी आजवर कोणाच्या जिवावर टिकली?

आधी रचना समजून घेतली पाहिजे. रोमन कॅथलिक चर्चमध्ये पोपचा शब्द अंतिम असतो. अँग्लिकन चर्चमध्ये तसे नाही. आठव्या हेन्रीने 1534 मध्ये रोमशी नाते तोडले आणि राजाच इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख झाला. पुढे साम्राज्याबरोबर हे चर्च जगभर गेले. आज त्याचे 42 स्वायत्त प्रांत आहेत आणि प्रत्येक प्रांताचा कायदा वेगळा आहे. कँटरबरीचे आर्चबिशप हे समानांमधील पहिले, एवढाच त्यांचा मान. ते बोलावू शकतात, समजावू शकतात. आदेश देऊ शकत नाहीत. अशा रचनेत एकी टिकते ती परस्परांवरील विश्वासावर, नाहीतर कोणाच्या तरी मौनावर.

पहिली लँबेथ परिषद 1867 मध्ये भरली, तीही भांडणामुळेच. दक्षिण आफ्रिकेतील नाताळचे बिशप जॉन कोलेन्सो बायबलचे झुलू भाषेत भाषांतर करीत होते. जलप्रलयाची कथा खरी आहे का, असे त्यांच्या झुलू सहकाऱ्याने विचारले. कोलेन्सो यांनी प्रश्न टाळला नाही. बायबलच्या पहिल्या पुस्तकांतील सर्वच गोष्टी इतिहास म्हणून घेता येत नाहीत, असे त्यांनी लिहिले. 1863 मध्ये त्यांना पदावरून दूर केल्याचे जाहीर करण्यात आले. 1865 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ती कारवाई अवैध ठरवली. या वादळातून 76 बिशप लंडनला जमले. हेच कोलेन्सो पुढे झुलू राजा सेत्शवायोच्या बाजूने ब्रिटिश सरकारशी भांडले. एका काळ्या माणसाचा प्रश्न गंभीरपणे घेतला म्हणून चर्चची एकी धोक्यात येते, हे या परंपरेच्या पहिल्याच पानावर लिहिलेले आहे.

आताचा वाद स्त्रियांचे धर्मगुरुपद आणि समलिंगी व्यक्तींचे स्थान या दोन प्रश्नांवर आहे. 1989 मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये बार्बरा हॅरिस या कृष्णवर्णीय महिला बिशप झाल्या. संपूर्ण अँग्लिकन जगतातील त्या पहिल्या स्त्री बिशप. इंग्लंडमध्ये स्त्रियांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळायला 1994 साल उजाडले आणि पहिली स्त्री बिशप व्हायला 2015. दुसरीकडे 1998 च्या लँबेथ परिषदेने 526 विरुद्ध 70 मतांनी ठराव करून समलिंगी संबंध धर्मग्रंथाशी विसंगत ठरवले. 2003 मध्ये अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरमध्ये जीन रॉबिन्सन हे उघडपणे समलिंगी असलेले धर्मगुरू बिशप झाले. 2008 मध्ये जेरुसलेमला गॅफकॉनची स्थापना झाली. 2022 च्या लँबेथ परिषदेला नायजेरिया, युगांडा आणि रवांडाचे बिशप गेलेच नाहीत. 2023 मध्ये इंग्लंडच्या धर्मसभेने समलिंगी जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थनांना संमती देताच दरी आणखी रुंदावली.

आफ्रिकेतील चर्चची तक्रार खोटी आहे काय? मुळीच नाही. जगातील बहुसंख्य अँग्लिकन आज इंग्लंडबाहेर, गोऱ्या जगाच्या बाहेर राहतात. तरीही त्यांच्या आध्यात्मिक प्रमुखाच्या नावाची शिफारस इंग्लंडचे निवड मंडळ करते आणि नेमणूक ब्रिटनच्या राजाच्या नावे होते. या मंडळातील मतदार 17. त्यांत उर्वरित अँग्लिकन जगताचा प्रतिनिधी 2022 पर्यंत एकच होता, तेव्हा ती संख्या पाच झाली. या चर्चच्याच मिशनरी संस्थेने अठराव्या शतकात बार्बाडोसमध्ये कॉड्रिंग्टन नावाचे ऊसमळे गुलामांच्या श्रमावर चालवले. त्या गुलामांच्या छातीवर संस्थेचे नाव डागले जाई. त्याबद्दल इंग्लंडच्या धर्मसभेने माफी मागितली ती 2006 मध्ये. ज्यांच्या पूर्वजांनी हे भोगले, त्यांनी लंडनचा शब्द शिरसावंद्य का मानावा? त्यांची समतेची मागणी रास्त आहे, असे आम्ही निःसंदिग्धपणे म्हणतो.

परंतु स्वतःसाठी मागितलेली समता दुसऱ्याला नाकारण्यासाठी वापरली, की ती समता राहत नाही, मक्तेदारी होते. युगांडाने 2023 मध्ये समलिंगी संबंधांविरुद्ध कायदा केला. त्यात काही प्रकारांना थेट मृत्युदंडाची तरतूद आहे. तेथील आर्चबिशप स्टीफन काझिंबा यांनी कायद्याचे स्वागत केले. मृत्युदंड नको, जन्मठेप हवी, एवढाच त्यांचा मतभेद. समलिंगी संबंध ही पाश्चात्त्यांनी लादलेली विकृती आहे, असा युक्तिवाद तेथे केला जातो. वस्तुस्थिती अशी की, अशा संबंधांना गुन्हा ठरवणारे कलमच तेथे ब्रिटिश वसाहतवाद्यांनी नेले. आपल्याकडील कलम 377 त्याच कारखान्यातले. म्हणजे साम्राज्याविरुद्ध लढत असल्याचे सांगायचे आणि साम्राज्याचाच दंडुका आपल्या दुबळ्या माणसांवर चालवायचा, असा हा प्रकार आहे.

शिवाय गॅफकॉन म्हणजे सारी आफ्रिका नव्हे. आफ्रिकेतील पहिली अँग्लिकन स्त्री बिशप 2012 मध्ये स्वाझीलंडमध्ये, म्हणजे आजच्या एस्वातिनीत झाली. केनियात आणि दक्षिण सुदानमध्येही स्त्रिया बिशप झाल्या. केपटाऊनचे आर्चबिशप थाबो मकगोबा यांनी मुलाली यांच्या निवडीचे स्वागत केले. वर्णभेदाविरुद्ध उभे आयुष्य लढलेले डेस्मंड टुटू समलिंगी व्यक्तींच्या बाजूने ठामपणे उभे राहिले. हा त्यांना त्याच लढ्याचा पुढचा टप्पा वाटे. आफ्रिका विरुद्ध युरोप असे या वादाचे चित्र रंगवणे दोन्हीकडच्या सनातन्यांच्या सोयीचे आहे.

आता इंग्लंडकडे पाहू. तेथे एकीसाठी तडजोडींचा डोंगर उभा केला गेला. स्त्री धर्मगुरू ज्यांना मान्य नाहीत, अशा स्थानिक चर्चसाठी 1993 पासून वेगळ्या पुरुष बिशपांची सोय आहे. स्त्रिया बिशप होऊ लागल्यावरही ती टिकली. परिणामी आज चर्चच्या सर्वोच्च पदावर स्त्री आहे आणि तिचे पौरोहित्य न मानण्याची अधिकृत मुभाही आहे! समलिंगी जोडप्यांना नेहमीच्या उपासनेत प्रार्थना मिळाली. चर्चमध्ये विवाह नाही. त्यांच्यासाठी स्वतंत्र आशीर्वाद-विधी हवा असेल तर धर्मसभेत दोन तृतीयांश बहुमत लागेल, असे बिशपांनी ऑक्टोबर 2025 मध्ये ठरवले. थांबा, समजून घ्या, एकी मोडू नका, असा उपदेश दर वेळी ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच केला जातो.

या वृत्तीचे सर्वांत भीषण रूप नोव्हेंबर 2024 मध्ये जगापुढे आले. जॉन स्मिथ नावाच्या वकिलाने ख्रिस्ती शिबिरांच्या आडून शंभराहून अधिक मुलांवर आणि तरुणांवर अमानुष अत्याचार केल्याचे मेकिन अहवालाने सांगितले. 1982 मध्येच अंतर्गत अहवाल तयार झाला होता. तो पोलिसांकडे गेला नाही. 1984 मध्ये हा माणूस झिंबाब्वेला गेला आणि तेथे पुन्हा शिबिरे भरवू लागला. 1992 मध्ये त्याच्या शिबिरात 16 वर्षांच्या एका आफ्रिकी मुलाचा मृत्यू झाला. तत्कालीन आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांना 2013 मध्ये अत्याचारांची माहिती मिळूनही पुरेसा पाठपुरावा झाला नाही, म्हणून त्यांना राजीनामा द्यावा लागला. मुलाली आल्या त्या या रिकाम्या झालेल्या खुर्चीवर. संस्थेची अब्रू वाचावी म्हणून इंग्लंडमधील वजनदार मंडळी गप्प बसली आणि त्या गप्प बसण्याची किंमत आफ्रिकेतल्या मुलांनी मोजली.

या प्रश्नाशी आपलाही संबंध आहे. 1947 मध्ये दक्षिण भारतातील अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन आदी पंथांनी एकत्र येऊन चर्च ऑफ साऊथ इंडिया स्थापन केले. 29 नोव्हेंबर 1970 रोजी आपल्या नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. युरोपात ज्यांच्या पूर्वजांनी एकमेकांची डोकी फोडली, ते पंथ भारतात एका छताखाली आले. ही मोठी गोष्ट होती. परंतु पंथांच्या भिंती पडल्या, जातीच्या भिंती पडल्या काय? दक्षिणेत कित्येक ठिकाणी ख्रिस्ती दलितांची दफनभूमीही वेगळी राहिली. मिशनऱ्यांच्या शाळा आणि दवाखान्यांचे मोल डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मान्य केले होते. पण धर्मांतरितांमधील जात नष्ट करण्यात मिशन अपुरे पडले, हेही त्यांनी स्पष्ट लिहून ठेवले. त्यातच 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाची दारे 1956 मध्ये शीख दलितांना आणि 1990 मध्ये बौद्धांना उघडली, ख्रिस्ती दलितांना ती उघडलेली नाहीत. चर्चमध्ये दलित आणि सरकारदरबारी ख्रिस्ती, अशी त्यांची दुहेरी कोंडी आहे.

मग मतभेद असताना एकी टिकवायची तरी कशी? 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी संवैधानिक नैतिकतेचा विचार मांडला. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 मधील जाचक भाग रद्द केला, तो याच विचाराच्या आधारे. बहुमत काहीही असो, माणसाची प्रतिष्ठा मतदानाला टाकता येत नाही, हा त्याचा अर्थ. उपासनेची पद्धत, वस्त्रे, स्तोत्रे, प्रांतांचे अधिकार यांवर खुशाल मतभेद असावेत. सत्ता वाटून घेण्याचा मार्गही खुला आहे. प्रांतप्रमुखांनी आळीपाळीने सल्लागार परिषदेचे अध्यक्षपद सांभाळावे, असा प्रस्ताव 2024 च्या अखेरीस पुढे आला. लंडनची मक्तेदारी कमी करणारा हा विचार स्वागतार्ह आहे. परंतु स्त्री माणूस आहे काय, समलिंगी माणूस आहे काय, दलित माणूस आहे काय, हे मतभेदाचे विषय असूच शकत नाहीत.

सारा मुलाली यांच्यापुढील कसोटी हीच आहे. फुटलेल्यांची मनधरणी करीत पुन्हा दुबळ्यांनाच थांबायला सांगितले, तर गादीवर पहिली स्त्री बसल्याची नोंद तेवढी इतिहासात राहील. त्यांनी पीडितांना पहिल्या रांगेत बसवले, तर काही प्रांत कदाचित दूर जातील. जे उरेल त्याला मात्र एकी म्हणता येईल. ज्या धर्माचा संस्थापक स्वतः बहिष्कृत ठरून वधस्तंभावर चढवला गेला, त्या धर्माच्या पुढाऱ्यांना बहिष्कृतांची बाजू घ्यायला इतका उशीर का लागावा?