राणीसाठी १५ लाख सह्या, मताधिकाराला मात्र हसू!

'गेम ऑफ थ्रोन्स' या अमेरिकन मालिकेचा शेवटचा भाग १९ मे २०१९ च्या रात्री अमेरिकेत दाखवला गेला. आपल्याकडे तेव्हा २० मेची सकाळ उजाडली होती आणि हॉटस्टारवर तो त्याच वेळी दिसत होता. आदल्याच संध्याकाळी सतराव्या लोकसभेच्या निवडणुकीचा सातवा आणि शेवटचा टप्पा संपला होता. त्या निवडणुकीत या देशातल्या साठ कोटींहून अधिक स्त्री-पुरुषांनी मत टाकले. इकडे मतयंत्रे सीलबंद होऊन मोजणीची वाट पाहत होती आणि तिकडे मोबाईलच्या पडद्यावर एका काल्पनिक राज्यातले सरदार मताधिकाराचे नाव निघताच खो-खो हसत होते!

ज्यांनी ही मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबऱ्यांवर बेतलेली ही मालिका २०११ पासून आठ हंगाम चालली. राजघराणी, तलवारी, ड्रॅगन नावाचे आग ओकणारे उडते प्राणी आणि एका लोखंडी सिंहासनासाठी चाललेली कापाकापी, असा सगळा मामला. त्यात डेनेरिस नावाची एक परागंदा राजकन्या आहे. चाहते तिला 'खलिसी' म्हणतात. ती समुद्रापलीकडच्या मुलखात गुलामांची शहरे जिंकते, साखळ्या तोडते आणि गुलामांचे सैन्य उभे करते. शेवटच्या हंगामात ती राजधानी जिंकते. शहर शरण आल्याच्या घंटा वाजतात आणि त्यानंतर ती ड्रॅगनवर बसून बायका-मुलांसकट ते शहर जाळून टाकते. पुढच्याच भागात तिचा प्रियकर तिचा खून करतो. मग सरदारांची सभा भरते आणि ब्रॅन नावाच्या एका पांगळ्या राजपुत्राला राजा नेमले जाते. संपली मालिका.

यावर चाहत्यांनी जे रान उठवले त्याला तोड नव्हती. शहर जळाल्याचा भाग १२ मे रोजी आला आणि आठवडाभरात एका याचिकेवर दहा लाखांवर सह्या पडल्या. पुढे तो आकडा पंधरा लाखांच्याही पलीकडे गेला. मागणी एकच होती : हे लेखक नालायक आहेत, दुसरे लेखक आणा आणि आठवा हंगाम पुन्हा काढा! शेवटचा भाग अमेरिकेत त्या रात्री १ कोटी ९३ लाख लोकांनी पाहिला होता. त्यातले किती रडले आणि किती चिडले याचा हिशेब कोण देणार? एका प्रसंगात मेजवानीच्या टेबलावर चुकून राहिलेला कॉफीचा कप दिसला, तर त्यावरही जगभर चर्चा झडली. कंपनीवर परिणाम शून्य. नव्याने चित्रीकरण करण्याचा विचारही केला नाही, असे एचबीओच्या अधिकाऱ्यांनी जुलैत सांगून टाकले आणि सप्टेंबरात त्याच हंगामाला बारा एमी पुरस्कार मिळाले, त्यात सर्वोत्कृष्ट मालिकेचाही.

मालिकेसाठी एवढा आटापिटा कशाला, असे म्हणून हसणाऱ्यांत आम्ही नाही. लोक कथेत जीव गुंतवतात, तो काही गुन्हा नव्हे. अमेरिकेत २०१८ या एका वर्षात पाचशेहून अधिक मुलींचे नाव 'खलिसी' ठेवले गेले. शेवट दिसला तेव्हा या मुली पाळण्यात होत्या किंवा नुकत्या चालू लागल्या होत्या. त्यांच्या आईबापांना काय वाटले असेल? अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभ्या असलेल्या सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांनी एप्रिल २०१९ मध्ये लेख लिहून याच राणीचे कौतुक केले होते. चिडलेल्या चाहत्यांनीच राणीची भूमिका करणाऱ्या एमिलिया क्लार्क हिच्या, मेंदूच्या दुखापतीतून सावरणाऱ्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेला लक्षावधी रुपयांची वर्गणी गोळा करून दिली, हेही नोंदवले पाहिजे.

तेव्हा प्रश्न त्यांच्या रागाचा नाही. प्रश्न राग कशाचा आला आणि कशाचा आला नाही, हा आहे.

आता ती सभा पाहा. नव्या राजाची निवड कशी करायची यावर खल चालला आहे. सॅमवेल टार्ली नावाचा पुस्तकात रमणारा तरुण भीत भीत उठतो आणि म्हणतो, राजा तर सगळ्यांवर राज्य करणार, मग तो सगळ्यांनीच का निवडू नये? क्षणभर शांतता, आणि मग हशा. एक सरदार म्हणतो, मग कुत्र्यांनाही मत देऊ या. दुसरा म्हणतो, मी माझ्या घोड्याला विचारून येतो. सॅमवेल खाली बसतो. हा प्रसंग विनोद म्हणून लिहिलेला आहे आणि प्रेक्षकांनीही तो विनोद म्हणूनच घेतला. आम्हाला मात्र ते हसू ओळखीचे वाटले. तेल्या-तांबोळ्यांना कायदेमंडळात जाऊन करायचे काय, असा सवाल याच महाराष्ट्रात लोकमान्य म्हणवणाऱ्या पुढाऱ्याने भर सभेत केला होता आणि बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात त्याची नोंद करून ठेवली आहे. जानेवारी १९१९ मध्ये बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकारासाठी साक्ष दिली, १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला. त्या मागणीला हसणारे तेव्हाही होतेच. म्हणजे पहिल्या साक्षीनंतर बरोबर शंभर वर्षांनी जगातल्या सर्वांत गाजलेल्या मालिकेच्या शेवटच्या भागात कुत्र्या-घोड्यांचा तोच विनोद पुन्हा झाला, आणि पंधरा लाख सह्यांच्या याचिकेत त्याबद्दल चकार शब्द नव्हता! सिंहासन चुकीच्या माणसाला मिळाले, एवढेच दुःख.

लेखकांना सरदारांची टिंगलच करायची होती, असे कोणी म्हणेल. असेल. परंतु मग त्याच सभेत उभा असलेला ग्रे वर्म पाहा. हा आमच्या मते या मालिकेतला सर्वांत महत्त्वाचा माणूस. लहानपणी विकला गेलेला, शरीराची विटंबना करून शिपाई बनवलेला. मालकांनी या गुलाम पोरांना नावे दिली ती करडा किडा, लाल पिसू, काळा उंदीर अशी, आपण कीडच आहोत हे त्यांनी कधी विसरू नये म्हणून. शूद्राचे नाव तिरस्कारदर्शक असावे असे मनुस्मृती सांगते, आणि कचरू, दगडू, धोंडू या नावांनी आमच्या आज्या-पणज्यांची लेकरे वाढली. त्यामुळे हा प्रसंग आमच्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मुक्त झाल्यावर राणी त्यांना आवडेल ते नाव घेण्याची मुभा देते, तर हा तेच नाव कायम ठेवतो. जन्मनाव अशुभ, कारण ते असताना मी गुलाम झालो. 'करडा किडा' शुभ, कारण ते असताना मी मुक्त झालो, असे तो सांगतो. पटो वा न पटो, विचार करायला लावणारे उत्तर आहे. २०१३ साली हे लिहिणाऱ्या लेखकांनी २०१९ साली त्याच माणसाचे काय केले?

राजधानी त्याच्या सैन्याच्या ताब्यात आहे. सभा भरली ती त्याच्या पहाऱ्यात. पण सभेत बसायला खुर्च्या आहेत त्या सरदारांना, ग्रे वर्म उभाच. टिरियन हा त्याचा कैदी. बेड्या घातलेला हा कैदी भाषण ठोकतो, राजाचे नाव सुचवतो आणि सभा संपेपर्यंत प्रधानमंत्रीही होतो! कारण तो सरदाराचा मुलगा. ग्रे वर्मला मत विचारले जात नाही. त्याने न्याय मागितला, तर जॉन स्नोला उत्तरेच्या सीमेवर हद्दपार करून त्याची समजूत काढली जाते. तो आपले सैन्य जहाजात भरतो आणि निघून जातो. त्याची मैत्रीण मिसान्डेई, एकोणीस भाषा जाणणारी, गुलामगिरीतून सुटलेली काळी स्त्री, तिला दोन भाग आधीच साखळ्या घालून तटावर उभे करून मारले होते. साखळ्या तोडणाऱ्या राणीची सखी साखळ्यांतच मेली! त्यावर काळ्या स्त्री-प्रेक्षकांनी आणि समीक्षकांनी तेव्हाच बोट ठेवले होते. याचिकेच्या गदारोळात ते कोणाला ऐकू जाणार?

या मालिकेचे कर्तेकरविते डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाईस यांच्याविरुद्ध त्याआधी दोन वर्षे आणखी एक मोहीम झाली होती. जुलै २०१७ मध्ये एचबीओने त्यांची नवी मालिका जाहीर केली, नाव 'कॉन्फेडरेट'. कल्पना अशी की अमेरिकेतल्या यादवी युद्धात गुलामगिरीवाली दक्षिण हरलीच नाही आणि आजच्या काळातही तिथे गुलामगिरी कायदेशीर चालू आहे. एप्रिल रेन आणि इतर काही काळ्या स्त्रियांनी ट्विटरवर हाक दिली आणि ३० जुलैच्या रात्री, 'गेम ऑफ थ्रोन्स' चालू असतानाच, 'नो कॉन्फेडरेट' हा नारा देशभर घुमला. त्यांचा आक्षेप कथा बिघडवल्याचा नव्हता, कथा तर अजून लिहिलीही नव्हती. ज्या जखमा अजून भरल्या नाहीत त्यांची करमणूक करण्याचा अधिकार तुम्हाला दिला कोणी, असा त्यांचा सवाल होता. जानेवारी २०२० मध्ये ती मालिका रद्द झाल्याचे कंपनीने सांगितले. लेखकद्वयीने तोवर नेटफ्लिक्सशी करार केला होता, तेव्हा सगळे श्रेय मोहिमेला देता येणार नाही. तरीही ती मालिका निघाली नाही, हे सत्य उरतेच.

चाहता आणि नागरिक यांतला फरक आम्हाला इथे दिसतो. चाहत्याला आपली मूर्ती शाबूत हवी असते. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत राजकारणातल्या भक्तीचा धोका सांगितला होता, तो विभूतिपूजेचाच. या राणीच्या बाबतीत तर भक्तीचे चित्रच २०१३ साली दाखवले होते. तिसऱ्या हंगामाच्या अखेरच्या प्रसंगात मुक्त झालेला सावळा जनसमुदाय गोऱ्या राणीला आई म्हणून हाका मारत खांद्यावर उचलून घेतो. चित्रीकरण मोरोक्कोत झालेले, गर्दीतली माणसे तिथलीच. गोरी तारणहार आणि काळी रयत, अशी टीका तेव्हाच झाली. पण बहुसंख्य चाहत्यांना ते दृश्य दिपवून गेले, आणि सहा वर्षांनी तीच राणी शहर जाळू लागली तेव्हा त्यांना फसवणूक वाटली. (चाहत्यांच्या सहनशक्तीचा आणखी एक नमुना : याच जगातल्या 'हाऊस ऑफ द ड्रॅगन' या मालिकेत २०२२ साली स्टीव्ह टूसां या काळ्या नटाला श्रीमंत उमरावाची भूमिका मिळाली, तर काहींचा पोटशूळ उठला. उडते ड्रॅगन चालतात, पण श्रीमंत काळा माणूस चालत नाही, असे टूसां यांनी त्यावर सुनावले.)

आमच्या तरुणांनी अशा मालिका पाहू नयेत असे आम्ही म्हणणार नाही. पाहतात ते पाहतीलच. त्यांनी फक्त सहाव्या हंगामाचा, २०१६ सालचा, शेवटचा भाग पुन्हा काढून बघावा. मिरीन हे गुलामांचे शहर सोडून राणी सिंहासनासाठी निघाली आहे. गुलामांचा उपसागर हे नाव तिने बदलले आहे. आपला प्रियकर दारिओ याला ती फौजेसह मागे ठेवते आणि सांगते, लोक आपले पुढारी स्वतः निवडतील, तोवर इथे शांतता राख. दारिओ लोकांना शिवी हासडतो आणि म्हणतो, मी तलवार वाहिली ती तुला, या शहराला नाही.

म्हणजे सॅमवेलच्या सूचनेवर हशा पिकला त्याच्या दोन हंगाम आधी, समुद्रापलीकडे, कालपर्यंत गळ्यात पट्टा असलेली माणसे मत देणार होती. पुढे त्यांनी मत दिले का? कोण निवडून आले? जुन्या मालकांनी पेट्या पळवल्या का? सातव्या आणि आठव्या हंगामात मालिका त्या शहराकडे पुन्हा फिरकली नाही. सरदारांच्या सभेत त्या शहराच्या नावाची खुर्ची नव्हती. आणि हंगाम पुन्हा काढा म्हणणाऱ्या याचिकेतही मिरीनच्या निवडणुकीचे काय झाले, ही विचारणा नव्हती.