खांब कुणाचे, आठवण कुणाची?

देहूरोडहून लोणावळ्याची लोकल पकडली की पाऊण तासाच्या आत मळवली येतं. तिथून कार्ल्याचा डोंगर चढून चैत्यगृहात मान वर करावी. छताला सागवानी कमानी दिसतात. सुमारे २,००० वर्षांपूर्वीचं हे लाकूड छताचा कणभरही भार पेलत नाही, कारण छत अखंड कातळाचं आहे. मग कारागिरांनी त्या बसवल्या कशाला? आधीची चैत्यगृहं लाकडाची असत; त्यांची ओळख दगडातही राहावी म्हणून.

यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय आहे उत्तर-आधुनिक वास्तुकला. नाव परकं वाटेल, प्रश्न मात्र याच लोकलच्या वाटेवरचा आहे: इमारतीने कुणाची आठवण जपावी?

वास्तुसमीक्षक चार्ल्स जेंक्स यांचं या विषयावरचं गाजलेलं पुस्तक १९७७ साली आलं. अमेरिकेत सेंट लुईसमधली प्रूइट-आयगो ही ३३ एकसुरी इमारतींची वसाहत १९७२ मध्ये सुरुंगांनी पाडायला सुरुवात झाली. आधुनिक वास्तुकला तिथेच मेली, असं जेंक्स यांनी ठणकावून सांगितलं. वसाहत ढासळण्यामागे गरिबी आणि वर्णभेदही होता, म्हणून हे विधान आजही वादाचं आहे. पण त्यांचा मुख्य आग्रह मोलाचा आहे: इमारत जाणकाराशी बोलावी आणि रोज तिच्यात वावरणाऱ्याशीही.

पुणे विद्यापीठाच्या आवारातली, वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिआंनी रचलेली ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था अशी बोलते. तिच्या भिंतीत खाली इथलाच काळा पाषाण, त्यावर अधिक काळा कडप्पा, माथ्यावर चकचकीत काळा ग्रॅनाइट, ज्यात आभाळ उमटतं. मधल्या चौकाला कुंडाच्या पायऱ्या आहेत. तिथे आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. खगोलशास्त्रज्ञाला तिथे विश्व दिसतं. शाळकरी पोराला बसायला पायरी मिळते.

आता देहूरोडच्या आसपासच्या नव्या गृहसंकुलांची प्रवेशद्वारं पाहावीत. कितीतरी ठिकाणी ग्रीक-रोमन थाटाचे उंच खांब. टिचकी मारली तर अनेकदा पोकळ वाजतात. घराला रुबाब हवा, ही इच्छा अगदी रास्त आहे. कर्ज काढून घर घेणाऱ्याला ती शोभतेच. पण इथल्याच विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. शेजारी तुकोबांचं देहू, डोंगरात घोरावडेश्वरची लेणी. एवढं सगळं उशाशी असताना कमानीला अथेन्सची आठवण उसनी का आणावी?

या अंकातले लेख वाचून एखाद्या सोसायटीने नव्या प्रवेशद्वाराचा नकाशा पुन्हा टेबलावर पसरला आणि वास्तुरचनाकाराला बरोबर घेऊन एक रविवार कार्ल्याला काढला, तर संपादक मंडळाला दिवाळीची भेट मिळाली.