सोयाबीनच्या बियाण्याला साडेचार स्टार; पण उगवणार किती?

मेहकर तालुक्यात खरीप म्हटलं की आधी सोयाबीन आठवतं. पेरणीयोग्य पाऊस होण्याआधी बियाणं घरात असावं लागतं आणि ते निवडायला दिवस थोडे असतात. पूर्वी कृषी केंद्रवाल्याचा शब्द आणि शेजारच्या शेतातला गेल्या वर्षीचा उतारा, एवढ्यावर निर्णय व्हायचा. आता त्यात मोबाईलवरच्या रिव्ह्यूंची भर पडली आहे. पण या स्टारवर किती विसंबायचं?

पंपाचे रिव्ह्यू वेगळे, बियाण्याचे वेगळे

बॅटरीचा फवारणी पंप घेताना रिव्ह्यू खरंच कामी येतात. नोझल गळतं का, चार्जिंग किती टाक्या पुरतं, सुटे भाग मिळतात का, हे वापरणारा महिनाभरात सांगू शकतो. वीस जणांची तक्रार एकच असेल, तर दोष पंपात असण्याची शक्यता मोठी.

बियाण्याचं तसं नाही. पार्सल हातात पडताच दिलेले पाच स्टार पॅकिंगचे आणि वेळेत पोहोचल्याचे असतात, पिकाचे नसतात. उगवण कळायला आठवडा आणि उतारा कळायला तीन-साडेतीन महिने लागतात. शिवाय भारी जमिनीतला अनुभव हलक्या जमिनीत लागू पडेलच असं नाही. ‘व्हेरिफाइड’ या शिक्क्याचा अर्थही माल विकत घेतला एवढाच. तो पेरून पाहिला असा नव्हे.

त्यात लॉटचा प्रश्न आहे. वाण तोच असला तरी यंदाचा लॉट वेगळा असतो. त्यामुळे गेल्या वर्षीचा प्रामाणिक रिव्ह्यूसुद्धा यंदाच्या पिशवीची हमी देत नाही. 2020 च्या खरिपात राज्यात सोयाबीन न उगवल्याच्या मोठ्या प्रमाणावर तक्रारी आल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली होती.

खोट्या रिव्ह्यूंबद्दल कायदा काय म्हणतो?

2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याला ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू लिहिता येत नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी ‘आयएस 19000:2022’ हे मानक आणलं. रिव्ह्यू लिहिणाऱ्याची पडताळणी व्हावी, हा त्यातला एक मुद्दा. मात्र ते लागू झालं तेव्हा ऐच्छिक होतं. अमेरिकेत खोट्या रिव्ह्यूंवर दंडाची तरतूद असलेला नियम ऑक्टोबर 2024 पासून लागू आहे.

पण नियम कितीही कडक झाले, तरी ते फक्त खोटेपणा रोखतील. खरा पण घाईत लिहिलेला रिव्ह्यू ओळखण्याचं काम खरेदीदारालाच करावं लागणार.

मग करायचं काय?

- तारीख पाहा. काढणीनंतर लिहिलेला अनुभव जास्त मोलाचा. एक ते तीन स्टारवाल्यांनी नेमकं काय लिहिलंय, ते आधी वाचा.
- जवळचा अनुभव विचारा. आपल्यासारखीच जमीन असलेल्या शेतकऱ्याला वाण, पेरणीची तारीख आणि उतारा विचारा.
- उगवण घरीच तपासा. ओल्या गोणपाटावर 100 दाणे ओळीत मांडून गुंडाळा, ओल टिकवा आणि आठवड्याने मोजा. प्रमाणित सोयाबीनसाठी किमान उगवणक्षमता 70 टक्के ठरलेली आहे.
- पुरावा जपा. पिशवी खालच्या बाजूने फोडा, म्हणजे टॅग शाबूत राहतो. पक्कं बिल, टॅग, पिशवी आणि थोडं बियाणं हंगाम संपेपर्यंत ठेवा.

बियाणं उगवलं नाही तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करता येते आणि शेताची पाहणी करून पंचनामा होतो. बियाणं घेणारा शेतकरी हाही ग्राहकच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे जिल्हा ग्राहक आयोगाचं दारही उघडं आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915.

पंप बिघडला तर बदलून मिळेल. पेरणीची वेळ मात्र एकदा हुकली की दुबार पेरणीचा खर्च शेतकऱ्याच्याच माथी येतो. म्हणूनच पंपासाठी रिव्ह्यू वाचावेत. बियाण्यासाठी ते वाचून झाल्यावर 100 दाणे मोजावेत.