वचन कोणी कोणाला दिले? गिटमधील एका पर्यायाची कहाणी

१/ 'सेटिंगच्या फाइलीत स्वतःचा पासवर्ड घातला आहेस ना? मग "--अझ्यूम-अनचेंज्ड" लाव, गिट तिकडे पाहणारच नाही.' हा सल्ला गुरुमंत्रासारखा एकाकडून दुसऱ्याकडे जात आला आहे. तो चुकीचा आहे, आणि त्याचे कारण या पर्यायाच्या जन्मकथेत आहे.

२/ एप्रिल २००५. बिटकीपर विनामूल्य वापरण्याची मुभा संपली आणि लिनक्स कर्नलसाठी लिनस टॉरवल्ड्स यांनी गिट लिहिले. त्याच जुलैत देखभालीची धुरा जुनिओ हमानो यांच्याकडे आली. वेग हा गिटचा पहिला आग्रह होता.

३/ परंतु कोणती फाइल बदलली हे जाणण्यासाठी गिटला प्रत्येक फाइलीची स्थिती ऑपरेटिंग सिस्टीमला विचारावी लागते. नेटवर्कवरील संथ डिस्कवर हजारो फाइलींची अशी विचारपूस करायची म्हणजे ताटकळणे आले. त्यावर उतारा म्हणून २००६ च्या आरंभी हा पर्याय अवतरला.

४/ येथे वचन देणारे आपण आहोत, गिट नव्हे. 'ही फाइल मी बदलणार नाही. तू तपासण्याचे कष्ट घेऊ नकोस', असे आपण त्याला सांगतो. लोकांनी ते नेमके उलटे वाचले : 'मी बदलेन, तू डोळेझाक कर.'

५/ याचे खापर केवळ वापरणाऱ्यांच्या माथी फोडता येणार नाही. गिटच्या स्वतःच्या दस्तऐवजांतही हा सल्ला होता. २०१४ मध्ये तो वगळण्यात आला. २०१० च्या १.७.० आवृत्तीत आलेला 'स्किप-वर्कट्री' हा प्रकल्पाचा काही भागच डिस्कवर ठेवण्यासाठी होता. त्यालाही याच कामाला जुंपले गेले. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

६/ परिणाम काय? ही खूण आपल्याच यंत्रावर राहते. सहकाऱ्याला ती दिसत नाही आणि नवे क्लोन केले की उरत नाही. 'गिट स्टेटस' तिच्याविषयी मौन पाळते. पुढे कोणी तीच फाइल बदलली की विलीनीकरण अडते आणि खूण विसरलेला माणूस कारण शोधत बसतो. काही प्रसंगी गिट ती फाइल तरीही तपासू शकते, हे आजचे अधिकृत दस्तऐवजच सांगतात. मग आपल्या बदलांची हमी कोण देणार?

७/ सरळ मार्ग असा : भांडारात केवळ नमुना फाइल ठेवावी, खरी फाइल निराळ्या नावाने ठेवून ते नाव '.गिटइग्नोर'मध्ये लिहावे. फाइल आधीच नोंदलेली असेल तर 'गिट आरएम --कॅश्ड' वापरावे. मात्र सहकाऱ्यांना आधी कळवावे, कारण पुढच्या 'पुल'मध्ये त्यांची प्रत पुसली जाईल. कमिट झालेला पासवर्ड इतिहासात राहतोच, तो बदलावा.

८/ संथ डिस्कसाठी घडवलेले साधन संथ डिस्कपुरतेच राहू द्यावे. ज्यांनी हा मंत्र इतरांना दिला, त्यांनीच आता तो मागे घ्यावा.